चावी ज्याच्या हातात, जबाबदारी त्याची

बंदरात स्फोट झाला, वायू गळला किंवा गोदाम पेटलं, की चार दिवसांत एक मत तयार होतं. महिन्याभरात तेच शहाणपण ठरतं आणि वर्षभराने त्याविरुद्ध बोलणारा माणूस भाबडा समजला जातो. ते मत असं: माल बंदराचा नव्हता. ज्याचा होता तो टाकून पळाला. बंदराने वर कळवलं होतं, प्रकरण न्यायालयात होतं. रसायन मुळातच घातकी, त्यात कुणाचा इलाज नाही. इतकी खाती गुंतलेली असताना एकट्याला कसं धरायचं? आणि बंदरांना असं धरायला लागलात तर उद्या कुठलंच बंदर असला माल उतरवून घेणार नाही, व्यापार बंद पडेल.

हे मत मांडणारे अडाणी नसतात. जहाजवाहतुकीत आयुष्य काढलेले अधिकारी, कस्टम्समधून निवृत्त झालेले साहेब, क्लिअरिंग एजंट आणि बंदरांवर अभ्यासूपणे लिहिणारे लोक ते मांडतात. म्हणूनच ते खोडून काढणं गरजेचं आहे. या मताच्या आधारावर गोदामं वर्षानुवर्षं भरलेली राहतात, आणि ती फुटल्यावर जे मरतात त्यांना त्या मालाचं नावसुद्धा ठाऊक नसतं.

बैरूतचं उदाहरण घेऊ. जगाला ते माहीत आहे, आणि वर दिलेली एकूणएक सबब तिथे वापरून झाली आहे.

२०१३ च्या सप्टेंबरात 'ऱ्होसस' नावाचं मोल्दोव्हाचा झेंडा लावलेलं जुनं मालवाहू जहाज जॉर्जियातल्या बातुमी बंदरातून निघालं. त्यावर २,७५० टन अमोनियम नायट्रेट होतं. माल मोझांबिकमधल्या स्फोटकं बनवणाऱ्या एका कारखान्यासाठी होता आणि तिथल्या बैरा बंदरात जायचा होता. वाटेत नोव्हेंबरात जहाज बैरूतला थांबलं, कारण सुएझ कालव्याचं भाडं भरण्यापुरते पैसे मिळावेत म्हणून आणखी माल चढवायचा होता. तो अवजड माल चढवताना जहाज टिकेना. तपासणीत ते समुद्रात जाण्यालायक नाही असं ठरलं आणि त्याला अडकवलं गेलं. मालकाने हात वर केले. कप्तान आणि काही खलाशी कित्येक महिने जहाजावरच डांबल्यासारखे राहिले. २०१४ मध्ये न्यायालयाच्या परवानगीने माल उतरवला आणि त्या ऑक्टोबरात तो बंदरातल्या १२ नंबरच्या गोदामात नेऊन ठेवला. रिकामं जहाज तिथेच पडून राहिलं आणि २०१८ च्या फेब्रुवारीत धक्क्याजवळ बुडालं. माल मात्र गोदामातच राहिला. ४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर तो फुटला. दोनशेहून अधिक माणसं गेली, सात हजारांच्या आसपास जखमी झाली, तीन लाख लोकांच्या डोक्यावरचं छप्पर गेलं. धमाका समुद्रापलीकडे सायप्रसमध्ये ऐकू आला.

आता पहिली सबब: माल बंदराचा नव्हता.

खरं आहे, नव्हता. पण सहा वर्षं त्या गोदामाचं कुलूप कुणाचं होतं? दार उघडायचा हुकूम कोण देत होतं? पहारा कुणाचा होता? मालकी आणि ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे बंदरात काम करणाऱ्या प्रत्येकाला पक्कं ठाऊक असतं. कारण बंदराचा सगळा धंदाच ताब्यावर चालतो. आयातदाराने माल वेळेत सोडवला नाही तर बंदर त्याच्याकडून डेमरेज घेतं. हे भाडं जागेचं आणि राखणीचं असतं. आमच्या ताब्यात आहे म्हणून पैसे मोजा, असं ज्याला आयातदाराला सांगता येतं, त्याला माल फुटल्यावर तो आमचा नव्हता असं कसं सांगता येईल? वसुलीपुरता ताबा आणि जबाबदारीच्या वेळी परकेपणा, हा न्याय कुठल्या कायद्यात बसतो?

आपल्याकडच्या कायद्यात तरी बसत नाही. १९६२ च्या कस्टम्स कायद्याचं ४५वं कलम सांगतं की उतरवलेला आयात माल सुटेपर्यंत मान्यताप्राप्त ताबेदाराच्या ताब्यात राहील. ४८वं कलम त्यापुढे जातं. तीस दिवसांत माल सोडवला नाही, तर ताबेदाराला मालकाला नोटीस देऊन आणि कस्टम्स अधिकाऱ्याची परवानगी घेऊन तो विकता येतो. जनावरं, नाशवंत माल आणि धोकादायक माल यांच्यासाठी तर तीस दिवसांचीही अट नाही, तो परवानगीने केव्हाही विकता येतो. कायदा करणाऱ्यांना १९६२ मध्येच कळलं होतं की घातक माल मालकाची वाट पाहत ठेवायचा नसतो. त्यांनी त्याला जनावरं आणि नाशवंत मालाच्या रांगेत बसवलं, म्हणजे ज्याला थांबवून ठेवणं धोक्याचं, त्या रांगेत.

याहून स्पष्ट आहे तो १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा. धोकादायक पदार्थाच्या अपघातात 'मालक' कोण, याची व्याख्या त्यात दिली आहे. अपघाताच्या वेळी जो त्या पदार्थाचा धनी असेल, किंवा ज्याच्या हाती त्याच्या हाताळणीचं नियंत्रण असेल, तो मालक. भरपाई मागणाऱ्याला चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. त्याआधी, १९८५ साली दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळला, त्या एम. सी. मेहता खटल्यात सरन्यायाधीश पी. एन. भगवतींच्या घटनापीठाने संपूर्ण दायित्वाचं तत्त्व घालून दिलं होतं. घातक वस्तू हाताळणाऱ्याने आम्ही सगळी काळजी घेतली होती असं म्हणून सुटायचं नाही, कसलाही अपवाद नाही. भोपाळ नुकतंच घडलं होतं, आणि त्या पार्श्वभूमीवर या देशाने हा धडा लिहून ठेवला. तो बंदराच्या फाटकापाशी येऊन संपतो असं कुठेही लिहिलेलं नाही.

मालक सुटावा असं मी म्हणत नाही. बैरूतच्या वकील संघटनेने पीडितांच्या वतीने लंडनमध्ये दावा लावला आणि २०२३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने त्या मालाशी संबंधित 'सव्हारो' या कंपनीला जबाबदार धरलं, भरपाईही ठरवली. उत्तम झालं. पण त्या निकालाने गोदामाच्या ताबेदाराची जबाबदारी औंसभरही कमी होत नाही. पळालेल्याचा गुन्हा ही राखणदाराची सुटका ठरत नाही. उलट मालक पळालेला आहे हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवसापासून राखणदाराचं ओझं दुप्पट झालं, कारण आता त्या मालाची काळजी करणारा जगात दुसरा कुणी उरला नव्हता.

दुसरी सबब: आम्ही लिहिलं होतं.

होय, लिहिलं होतं. लेबनॉनच्या कस्टम्स अधिकाऱ्यांनी २०१४ ते २०१७ या काळात तातडीची प्रकरणं पाहणाऱ्या न्यायाधीशांना सहा पत्रं पाठवली. माल परदेशी पाठवा, लष्कराला द्या किंवा स्फोटकं बनवणाऱ्या स्थानिक कंपनीला विका, अशी मागणी त्यांत होती. न्यायाधीशांकडून अधिकारक्षेत्राचे प्रश्न परत येत राहिले. लष्कराने आपल्याला गरज नाही असं कळवलं. मग तेच पत्र थोड्याफार फरकाने पुन्हा गेलं. २०१७ नंतर तेही थांबलं. शेवटी राज्य सुरक्षा विभागाचा अहवाल २०२० च्या जुलैत राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधानांपर्यंत पोहोचला. स्फोटाला तेव्हा जेमतेम दोन आठवडे उरले होते. राष्ट्राध्यक्षांनी पुढे सांगितलं की अहवाल आल्यावर आपण कार्यवाहीला सांगितलं होतं आणि बंदरावर आपला थेट अधिकार नाही.

हा पत्रव्यवहार बचाव म्हणून पुढे केला जातो, याचा मला सर्वांत जास्त संताप येतो. कारण तो बचाव नाही, कबुली आहे. धोका माहीत होता, उपाय माहीत होता, तीन पर्याय कागदावर मांडलेले होते, आणि तरीही माल हलला नाही, हे ती सहा पत्रं सिद्ध करतात. ज्याला काहीच ठाऊक नव्हतं त्याची चूक अज्ञानाची. ज्याने सहा वेळा लिहिलं आणि सातव्या वर्षी त्याच गोदामाला तेच कुलूप ठेवलं, त्याची चूक कशाची म्हणायची? जावक क्रमांक पडला की कर्तव्य संपलं, ही समजूत आपल्या कचेऱ्यांतही इतकी मुरली आहे की कुणाला तिचं काही वाटेनासं झालंय. पत्र हे काम करून घेण्याचं साधन आहे. पत्राने काम होत नाही असं दिसल्यावर माणूस उठून जातो, वरिष्ठाच्या दारात बसतो, अग्निशमन दलाला यादी देतो, आजूबाजूच्या वस्तीला सांगतो. यातलं एकही काम करायला न्यायाधीशाची परवानगी लागत नव्हती.

न्यायप्रविष्ट प्रकरण होतं, हेही सांगितलं जातं. न्यायालयात काय होतं? मालाचं पुढे काय करायचं, हा प्रश्न. तो ठेवायचा कसा, हा प्रश्न न्यायालयात नव्हता. उलट माल उतरवायला परवानगी देताना तो योग्य जागी ठेवावा आणि आवश्यक ती काळजी घ्यावी, हेच अपेक्षित होतं. त्याच गोदामात फटाके ठेवू नका, हे सांगायला न्यायाधीश कशाला हवा? फाटलेल्या गोणी बदला, सांडलेला माल झाडून घ्या, हे सांगायला कुठल्या खंडपीठाचा आदेश लागतो?

इथे तिसरी सबब येते: रसायनच घातकी, अपघात होणारच.

अमोनियम नायट्रेट म्हणजे पांढरे दाणे. शेतकरी ते खत म्हणून वापरतो, खाणीत ते सुरुंगासाठी लागतं. नुसतं ठेवलं तर ते आपोआप पेटत नाही. ते जाळणाऱ्याला बळ देतं, स्वतः सहजी जळत नाही. ते फुटतं ते बहुतेक वेळा तीन गोष्टी जुळून आल्यावर: मोठी आग, ज्वलनशील पदार्थांची भेसळ आणि कोंडलेली जागा. म्हणून जगभरचे साठवणुकीचे नियम साधे आहेत. ते इंधनापासून, लाकडापासून, तेलापासून दूर ठेवा. दुसऱ्या स्फोटकांबरोबर ठेवू नका. ढीग लहान ठेवा, मध्ये वाट सोडा. जमीन स्वच्छ राखा, हवा खेळती ठेवा. वस्तीपासून अंतर राखा.

१२ नंबरच्या गोदामाच्या आत काय होतं ते पाहा. एकेक टनाच्या मोठ्या पांढऱ्या गोण्या, त्यांच्यावर 'नायट्रोप्रिल एचडी' असं छापलेलं. २०१५ च्या फेब्रुवारीत तपासणी झाली तेव्हाच दोन तृतीयांशाहून अधिक गोण्या फाटलेल्या होत्या, दाणे जमिनीवर सांडलेले होते. गोण्या एकमेकींवर वेड्यावाकड्या लोटलेल्या. त्याच छपराखाली फटाक्यांचा साठा. दाराची दुरुस्ती करायला हवी असं सुरक्षा खात्याने सांगितलं, आणि ४ ऑगस्टला तिथे वेल्डिंगचं काम झालं. आग नेमकी कशाने लागली हे न्यायालयात ठरायचं आहे. पण आग लागली तर काय होईल, हे तिथल्या मांडणीनेच आधी ठरवून टाकलं होतं. आग, भेसळ आणि कोंडलेली जागा या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी माणसांनी आणून ठेवल्या. याला अपघात म्हणायचं असेल तर निष्काळजीपणा कशाला म्हणायचं?

आणि माल किती होता, हे तरी ताबेदाराला ठाऊक होतं का? अमेरिकेच्या एफबीआयने स्फोटाचा अभ्यास करून काढलेला अंदाज असा की प्रत्यक्षात सुमारे ५५२ टन फुटलं. आत गेले होते २,७५० टन. बाकीचं चोरीला गेलं, जळून गेलं की समुद्रात उडालं, याचा हिशेब कुणालाही देता येत नाही. सहा वर्षं राखलेल्या मालाचा हिशेब ज्याला देता येत नाही, त्याने रसायनाच्या स्वभावाला दोष देऊ नये.

रसायनाचा स्वभाव नवा होता, असंही नाही. १६ एप्रिल १९४७ ला अमेरिकेत टेक्सस सिटीच्या धक्क्यावर 'ग्रँडकॅम्प' जहाजात हेच अमोनियम नायट्रेट फुटलं आणि किमान ५८१ माणसं मेली. १२ ऑगस्ट २०१५ ला चीनमध्ये तियानजिन बंदरात रसायनांच्या गोदामाला आग लागली, आधी नायट्रोसेल्युलोज पेटलं आणि मग ८०० टनांच्या आसपास अमोनियम नायट्रेट फुटलं. मृत आणि बेपत्ता मिळून १७३, त्यांतले शंभरहून अधिक अग्निशामक. कंटेनरांत काय आहे हे ठाऊक नसताना ते आगीवर पाणी मारत होते. तियानजिन घडलं तेव्हा बैरूतच्या गोदामात माल येऊन वर्षही झालं नव्हतं. ती बातमी बैरूतच्या बंदरातल्या एकाही अधिकाऱ्याने वाचली नसेल?

बैरूतमध्येही तेच घडलं. आग लागल्याचा फोन आला, अग्निशमन दलाचं दहा जणांचं पथक निघालं. त्यांना फक्त आग एवढंच सांगितलं होतं. त्या दिवशीचं एक छायाचित्र जगभर छापलं गेलं: तीन अग्निशामक गोदामाचं बंद दार उघडायची खटपट करताहेत. आत काय आहे ते त्यांना माहीत नाही, आणि चावीही त्यांच्याकडे नाही. त्या पथकातलं कुणीही परतलं नाही. माल माझा नव्हता असं म्हणणाऱ्याने हे छायाचित्र समोर ठेवून तेच वाक्य पुन्हा म्हणून दाखवावं.

मुंबईला हे वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' फुटलं. त्या जहाजात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता आणि त्याच पोटात कापसाच्या हजारो गासड्या. चौकशीत जे दोष निघाले ते आजही जसेच्या तसे लागू पडतात: दारूगोळ्याजवळ कापूस भरला, धोक्याचा लाल बावटा लावला नाही, स्फोटकं उतरवायला उशीर केला, अग्निशमन दलाला वेळेवर कळवलं नाही. ६६ अग्निशामक गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. आपण सप्ताह पाळतो, पण त्या चौकशीतल्या शेवटच्या मुद्द्यातून निघणारा धडा, म्हणजे आग विझवायला जाणाऱ्याला आत काय आहे ते आधी सांगा, तो पाळतो का?

२०१० साली शिवडीत त्याचं उत्तर मिळालं. १४ जुलैच्या पहाटे हाजी बंदरात, मुंबई पोर्ट ट्रस्टच्या धोकादायक मालाच्या गोदामात, क्लोरीनचं एक गंजलेलं सिलिंडर गळलं. शंभराहून अधिक लोकांना त्रास झाला. त्यांत विद्यार्थी होते, कामगार होते, बंदराचे कर्मचारी होते आणि गळती थांबवायला गेलेले अग्निशामकही होते. ती सिलिंडरं तिथे १९९७ पासून पडून होती. शंभराहून जास्त सिलिंडरं, समुद्राच्या खाऱ्या हवेत, तेरा पावसाळे. लोखंड गंजतं हे शोधायला संशोधन लागत नाही. तेरा वर्षांत ४८वं कलम एकदाही कुणाला आठवलं नाही? एक लिलाव, एखाद्या कारखान्याशी एक बोलणं, एक निर्विषीकरणाचं कंत्राट, यांतलं काहीही तेरा वर्षांत जमण्याइतकं अवघड होतं का?

चौथी सबब: इतके सगळे गुंतलेले, एकट्याला कसं धरायचं?

सबबींतली ही सर्वांत सोयीची, कारण ती सगळ्यांना एकदम सोडवते. बंदर प्रशासन कस्टम्सकडे बोट दाखवतं, कस्टम्स न्यायालयाकडे, न्यायालय वाहतूक खात्याकडे, खातं लष्कराकडे आणि लष्कर पुन्हा बंदराकडे. बैरूतचा तपास करायला नेमलेले पहिले न्यायाधीश फादी सवान यांनी माजी मंत्र्यांवर आरोप ठेवले तेव्हा त्यांना २०२१ च्या फेब्रुवारीत काढलं गेलं. त्यांच्या जागी आलेल्या तारेक बितार यांचा तपास तक्रारींवर तक्रारी करून पुन्हा पुन्हा थांबवला गेला. २०२३ मध्ये त्यांनी थेट देशाच्या मुख्य अभियोक्त्यावर आरोप ठेवले, तर अभियोक्त्याने उलट न्यायाधीशावरच आरोप ठेवले आणि तुरुंगात असलेले सगळे संशयित सोडून दिले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये स्फोटाला पाच वर्षं पुरी झाली, तेव्हाही लेबनॉनमध्ये एकाही अधिकाऱ्याला शिक्षा झालेली नव्हती. मेलेल्यांचे नातेवाईक फोटो घेऊन रस्त्यावर उभे राहतात आणि जबाबदार कोण, या प्रश्नाला व्यवस्था असं उत्तर मिळतं.

टेक्सस सिटीतही हेच झालं होतं. ते खत सरकारी योजनेत तयार झालेलं. पीडितांनी अमेरिकी सरकारवर खटला भरला. १९५३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की हे धोरणात्मक विवेकाचे निर्णय होते, सरकारवर दायित्व येत नाही. शेवटी १९५५ मध्ये संसदेला वेगळा कायदा करून भरपाई द्यावी लागली. म्हणजे व्यवस्थेतल्या कुणालाही दोषी न धरता व्यवस्थेने चूक मान्य केली. अशी चूक पुन्हा होणारच, कारण तिची किंमत कुणी मोजलेली नसते.

अनेकजण गुंतलेले असतात म्हणूनच एकाचं नाव आधी ठरवायचं असतं. हे अशक्य नाही, रोज होतं. प्रत्येक शेडला अधीक्षक असतो, प्रत्येक चावी सही करून घेतली जाते, प्रत्येक कंटेनरला क्रमांक असतो, आणि त्यात काय आहे ते जहाज लागण्याआधीच कागदावर आलेलं असतं. इतकी बारीक नोंद ठेवणारी यंत्रणा कोण जबाबदार, या एकाच रकान्यापाशी येऊन कोरी कशी पडते? जिथे अनेकांची जबाबदारी सिद्ध होते तिथे ती वाटली जावी. पण वाटप म्हणजे विरघळणं नव्हे. दहा जण दोषी असतील तर दहा जणांवर खटला चालला पाहिजे, शून्यावर नव्हे.

पाचवी सबब व्यापाराची: बंदरांना धराल तर ती माल घेणारच नाहीत.

या मुद्द्यात तथ्य आहे एवढं मी मान्य करतो. २०२१ मध्ये 'एक्स-प्रेस पर्ल' जहाजावर नायट्रिक आम्लाचा कंटेनर गळत होता. कतारच्या हमद बंदराने आणि गुजरातच्या हजिरा बंदराने तो उतरवून घेतला नाही. जहाज तसंच पुढे गेलं आणि मे महिन्यात कोलंबोजवळ पेटलं. श्रीलंकेचा किनारा प्लास्टिकच्या दाण्यांनी आणि मेलेल्या कासवांनी भरून गेला. तेव्हा नाकारणं हा उपाय नाही, हे बरोबर. पण याचा अर्थ घेऊन विसरून जाणं हा उपाय होतो का? जबाबदारी निश्चित झाली तर बंदर धोकादायक मालासाठी आधी तारण घेईल, विमा मागेल, भाडं वाढवेल, वेगळं गोदाम बांधेल आणि मुदत संपताच विकून टाकेल. यातल्या कशानेही व्यापार थांबत नाही. वाढतो तो खर्च, आणि तो खर्च आज शेजारच्या झोपडपट्टीतली माणसं, गोदीकामगार आणि अग्निशामक आपल्या जिवाने भरतात. तो मालाच्या बिलात आला तर व्यापार बुडेल असं म्हणणाऱ्याने एवढंच सांगावं, की तो कुणाच्या खिशातून गेलेला त्याला चालतो.

वेळच लागतो, यंत्रणा हळूच चालते, हे म्हणणं तर चेन्नईने कायमचं खोटं पाडलं आहे. तिथे कस्टम्सने २०१५ मध्ये जप्त केलेलं सुमारे ७०० टन अमोनियम नायट्रेट शहराबाहेर मनालीच्या एका कंटेनर गोदामात ३७ कंटेनरांमध्ये पडून होतं. जवळपास पाच वर्षं. बैरूतची बातमी आल्यावर अधिकाऱ्यांनी निवेदन काढलं की माल सुरक्षित आहे. मग त्याचा लिलाव झाला आणि त्याच ऑगस्ट महिन्यात कंटेनर हैदराबादच्या वाटेला लागले. देशभरातल्या गोदामांतला आणि बंदरांतला धोकादायक माल ४८ तासांत तपासा, असा आदेश केंद्रीय सीमाशुल्क मंडळाने दिला. जे पाच वर्षांत झालं नव्हतं ते काही आठवड्यांत झालं. कायदा तोच होता, माणसं तीच होती, माल तोच होता. मग आधी काय कमी होतं? दुसऱ्या देशातली दोनशे प्रेतं?

कायद्याची बाजू आपल्याकडे कमी नाही. अमोनियम नायट्रेटसाठी २०१२ चे स्वतंत्र नियम आहेत. बैरूतनंतर २०२१ मध्ये त्यांत दुरुस्ती झाली, बंदरात आलेला माल बंदराच्या हद्दीपासून ५०० मीटर पलीकडच्या साठवणुकीत हलवायचा आणि जप्त मालाचा लिलाव करायचा अशा तरतुदी आल्या. परवाने देणारी पेसो ही संस्था आपल्याच नागपुरात आहे. पण हे नियम एका रसायनापुरते आहेत. शिवडीत गळला तो क्लोरीन होता. बैरूतच्या बंदरात स्फोटानंतर शोध घेतला तेव्हा घातक आम्लांचे ५२ कंटेनर सापडले, तेही दहा वर्षांहून जास्त काळ पडून असलेले. ते हलवायला लेबनॉनने एका जर्मन कंपनीशी ३६ लाख डॉलरचा करार केला. दिवाळखोर होत चाललेल्या देशालाही पैशाची सोय करता आली. म्हणजे पैशाची अडचणही खरी नव्हती.

म्हणून मागणी साधी आहे, आणि ती मुंबई, जवाहरलाल नेहरू बंदर, मुरगाव आणि देशातल्या प्रत्येक बंदरासाठी आहे. तीस दिवसांहून जास्त काळ पडून असलेल्या घातक मालाची यादी दर महिन्याला लोकांसमोर ठेवा: काय आहे, किती आहे, कुठे आहे, कधीपासून आहे. प्रत्येक नोंदीपुढे ताबेदार अधिकाऱ्याचं नाव आणि पद लिहा. तीच यादी जवळच्या अग्निशमन केंद्रात आणि रुग्णालयात असू द्या. ठरलेल्या मुदतीत माल विकला, हलवला किंवा निकामी केला नाही, तर परवानगी मागणारा आणि परवानगी अडवणारा या दोघांनाही उत्तर द्यायला लावा. पत्र पाठवल्याची नोंद हे उत्तर म्हणून स्वीकारू नका.

मालक पळू शकतो, जहाज बुडू शकतं, कंपनीची पाटी रातोरात बदलू शकते. गोदाम मात्र जागचं हलत नाही, त्याचं कुलूप हलत नाही आणि ते कुलूप लावणारा माणूस महिन्याच्या महिन्याला पगार घेत असतो. घातक मालाची जबाबदारी ज्याच्या ताब्यात तो आहे त्याचीच, आणि जितके दिवस माल पडून राहतो तितकी ती वाढत जाते. हे तत्त्व आपल्या कायद्यात आहे, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे, १९४४ च्या गोदीने शिकवलं आहे. पुढच्या वेळी कुठल्याही बंदरात काही फुटलं आणि कुणी म्हणालं की माल आमचा नव्हता, तर त्याला एकच प्रश्न विचारा: चावी कुणाकडे होती? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसरं काहीही ऐकून घेऊ नका.